गाण्याला जागा

गाणें ऐकण्याचीं साधनें जसजशीं सुलभ होत गेलीं तसतशी ऐकणाऱ्यांची तक्रार वाढत गेली, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आली असेल. कर्ण्याच्या ग्रामोफोनवर तीन मिनिटांची तबकडी वाजे, तेव्हां तिच्यांतील खरखर कोणी मोजीत बसत नसे. रेडिओवर दूरच्या केंद्राचा आवाज रात्रीं लाटेसारखा येई आणि ओसरे. तोहि तसाच गोड मानून घेतला जाई. आज फोनवर बोट ठेवतांच शंभर वर्षांचें गाणें दिवाणखान्यांत उतरतें, आणि चर्चा मात्र चालते ती बिटांची, तारांची आणि पेट्यांची! आमच्या परिचयाच्या मंडळींत असें घर विरळा, कीं जेथें ‘आवाज सुधारावा कसा?’ हा प्रश्न एकदां तरी निघाला नाहीं. प्रश्न योग्यच आहे. ज्याला गाण्याची गोडी आहे त्याला तें चांगलें ऐकूं यावें असें वाटणारच. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास लोक दुकानांत जातात, आणि तें बहुतेक वेळां घरांतच सांपडण्यासारखें असतें, असें आमचें मत झालें आहे. तें कसें झालें हें वाचकांस सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम आंकड्यांकडे वळूं. कारण आजच्या चर्चेंत पहिला मान त्यांचाच असतो. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचें माप दर सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. प्रत्येक माप १६ बिटांचें, आणि डावी व उजवी अशा दोन बाजू. गुणाकार केला म्हणजे सेकंदास १४,११,२०० बिट होतात. एवढें ओझें टेलिफोनच्या तारेवरून वाहणें एके काळीं अशक्यप्राय होतें. म्हणून जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या व इतर कांहीं संशोधकांनीं एमपीथ्री नांवाची युक्ति काढली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज माणसास ऐकूं येत नाहीं, ह्या कानाच्या स्वभावाचा तिनें उपयोग करून घेतला. जें ऐकूं येणार नाहीं तें गाळावें आणि उरलेलें पाठवावें, एवढेंच तिचें तत्त्व. गाळणें बेसुमार झालें म्हणजे झांज, टाळ्या आणि तंबोऱ्याची जवारी हीं पाण्यांत भिजल्यासारखीं वाजूं लागतात. बेतानें गाळून सेकंदास ३२० किलोबिट राखले, तर मूळ आणि नक्कल ह्यांतील भेद ओळखणें सरावलेल्या कानासहि कठीण जातें. पुढें इंटरनेटच्या वाटा रुंद झाल्या. २०२१ सालीं ॲपलनें व २०२५ सालीं स्पॉटिफायनें कांहींएक न गाळलेलें, म्हणजे ज्यास लॉसलेस म्हणतात तें संगीत आपल्या वर्गणीदारांस पुरविण्यास आरंभ केला.

येथें थांबावें तर तसें नाहीं. सेकंदास ९६,००० किंवा १,९२,००० मापें आणि तींहि २४ बिटांचीं, असें ‘हाय-रेस’ संगीतहि मिळूं लागलें आहे. माणसाच्या कानाची मर्यादा तारुण्यांत सुमारें २०,००० हर्ट्झची, आणि ४४,१०० मापांत २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनि पुरा सांठवितां येतो. मग ही जादा मापें कोणासाठीं, अशी शंका येणें साहजिक आहे. ती अमेरिकेंतील मायर व मोरन ह्या दोघांनीं कसोटीला लाविली. वरच्या दर्जाचें संगीत एकदां तसेंच आणि एकदां साध्या डिस्कच्या मापांतून गाळून, कोणतें कोणतें हें न सांगतां, त्यांनीं श्रोत्यांना ऐकविलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत ५५४ चाचण्यांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आल्याचें नमूद आहे. म्हणजे नाणें उडवून जें मिळालें असतें तेंच! न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील प्राध्यापक रीस ह्यांनीं २०१६ सालीं अशा १८ प्रयोगांतील बारा हजारांवर चाचण्या एकत्र केल्या, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ निघालें. भेद अगदींच नाहीं असें म्हणवत नाहीं; पण ज्या भेदाचा पत्ता लागण्यास बारा हजार चाचण्या लागल्या, त्याच्यासाठीं कोणीं घरखर्चांत काटकसर करावी असें आम्हांस वाटत नाहीं.

हा प्रयोग घरीं करण्यासारखा आहे, आणि तो आम्हीं केला. एकाच लॉसलेस फाइलीवरून ३२० किलोबिटांची दुसरी प्रत काढावयाची. एकानें नाणें उडवून छाप आली तर एक, कांटा आला तर दुसरी लावावयाची. आणि ऐकणाऱ्यानें पाठमोरें बसून ओळखावयाचें. एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळलें पाहिजे. दोन्ही प्रतींचा आवाज तंतोतंत सारखा हवा. कारण दोहोंत एका डेसिबलाचा किंवा त्याहून थोडा फरक असला तरी कानाला मोठा आवाज ‘मोठा’ न वाटतां ‘अधिक चांगला’ वाटतो. दुकानांत होणाऱ्या पुष्कळ चमत्कारांचें मर्म ह्यांतच आहे. सोळा वेळां ऐकून बारा उत्तरें बरोबर आलीं, तर भेद खरोखर ऐकूं येतो असें समजण्यास हरकत नाहीं. केवळ दैवानें तसें घडणें शंभरांत सुमारें चार वेळांच संभवतें. आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येस नऊ उत्तरें बरोबर सांगतां आलीं, आम्हांस आठ. हेडफोन चांगले होते, रात्रीची वेळ होती, आणि दोघांचेंहि लक्ष होतें. तेव्हां आमच्या घरापुरता तो वाद मिटला.

परंतु आमच्या घरचा खरा प्रश्न निराळाच होता. आमच्या तीर्थरूपांनीं दिवाणखान्यांत गाणें ऐकावयास बसणें सोडलें होतें. त्यांचें वय एक्याऐंशी. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत रात्र रात्र भारतीय बैठकीवर बसून ज्यांनीं गाणें ऐकलें, ते आपल्या घरीं गाणें सुरू झालें कीं वर्तमानपत्र घेऊन आंतल्या खोलींत जाऊं लागले. विचारलें तर म्हणत, “सूर लागतो तें कळतें रे, पण चिजेचे शब्द कळत नाहींत. सगळा गलकाच होतो.” ह्या तक्रारीवर किलोबिटांचा उतारा चालण्यासारखा नव्हता. गाणें घरापर्यंत सुखरूप येत होतें. त्याची नासाडी होत होती ती घरांत आल्यावर, स्पीकरपासून कानापर्यंतच्या आठ-दहा फुटांत.

आमचा दिवाणखाना चौदा फूट लांब व अकरा फूट रुंद आहे. खालीं गुळगुळीत फरशी, तीन बाजूंस उघड्या भिंती, चौथीस कांचेची सरकती खिडकी. फर्निचर करणाऱ्यानें स्पीकरांना शोकेसच्या दोन कोनाड्यांत, अगदीं भिंतीस चिकटून, शोभेच्या वस्तूंसारखें बसविलें होतें. अशा खोलींत काय होतें तें समजण्यास फार शास्त्र लागत नाहीं. स्पीकरमधून निघालेला ध्वनि एकदां सरळ कानाशीं येतो, आणि मागून फरशीवर, भिंतींवर व कांचेवर आपटून पुनःपुन्हां येत राहतो. देवळाच्या गाभाऱ्यांत बोललेले शब्द जसे एकमेकांत मिसळतात, तसेंच थोड्या प्रमाणांत येथेंहि होतें. शिवाय प्रत्येक खोलीचा स्वतःचा असा एक खर्ज असतो. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर धांवतो; चौदा फुटांच्या लांबींत त्याची अर्धी लाट नेमकी बसते ती सुमारें ४० हर्ट्झला, आणि अकरा फुटांत सुमारें ५१ हर्ट्झला. त्या आसपासचा आवाज खोलींत घुमूं लागतो. स्पीकर कोपऱ्यांत किंवा भिंतीशीं असला म्हणजे घुमारा आणखी वाढतो, आणि डग्ग्याचा एक ठोका पुढल्या ठोक्यावर सांडतो.

उपाय साधे आहेत, आणि ते आम्हीं एका रविवारीं केले. स्पीकर शोकेसमधून काढून बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीच्या दोन लांकडी स्टुलांवर, भिंतीपासून दोन फूट पुढें ठेविले. दोन स्पीकर आणि बसण्याची जागा ह्यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण होईल अशी खुर्ची मांडली. फरशीवर जाड सतरंजी पसरली, खिडकीस दुहेरी पडदा लाविला, आणि समोरच्या उघड्या भिंतीस पुस्तकांचें कपाट आणून ठेविलें. लहानमोठ्या पुस्तकांची खालीवर रांग ध्वनीस सरळ परत न पाठवितां इकडेतिकडे विखरून टाकते, हा कपाटाचा एक अधिक गुण त्या दिवशीं आमच्या कामीं आला. खर्च झाला तो स्टुलांचा आणि पडद्याच्या कापडाचा.

त्यानंतर राहिला पंखा. आपल्या देशांत घरगुती संगीताचा सर्वांत मोठा वैरी कोण, असें कोणी विचारलें तर आम्ही निःशंकपणें छताकडे बोट दाखवूं. १६ बिटांच्या ध्वनींत सर्वांत बारीक व सर्वांत मोठा आवाज ह्यांमध्यें सुमारें ९६ डेसिबलांचें अंतर राहूं शकतें. परंतु पंख्याच्या घरघरीखालीं जें बुडालें तें फाइलींत असून नसल्यासारखेंच. आलापाच्या आरंभींचा हळुवार षड्ज, दोन स्वरांमधली मींड, गवयानें घेतलेला श्वास, हें सर्व प्रथम तेथेंच बुडतें. एमपीथ्रीनें जें गाळलें त्याहून कितीतरी अधिक पंखा गाळतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. चैत्र-वैशाखांत पंख्यावांचून बसणें कठीण, हें खरें. आम्हीं पहाटेची वेळ धरली. साडेपांच वाजतां हवा गार असते, रस्ता निजलेला असतो, कुकरची शिटी व्हावयाची असते. आणि आपल्या संगीतांत त्या वेळेसाठीं राग बांधलेलेच आहेत. अडचण एकच, कीं शेजाऱ्यांसाठीं आवाज लहान ठेवावा लागतो, आणि लहान आवाजांत खर्ज कानास अधिकच कमी ऐकूं येतो. फ्लेचर व मन्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं हें १९३३ सालींच मोजून दाखविलें आहे. तेवढ्या वेळेपुरता खर्ज किंचित् वाढविणें हा कानाशीं केलेला न्याय आहे. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

ह्या फेरफारानंतर तीर्थरूप पुन्हां येऊन बसले. परंतु शब्द त्यांना अजूनहि पुरते कळत नव्हते. तेव्हां आम्हीं त्यांस श्रवणतज्ज्ञाकडे नेलें. उतारवयांत वरच्या पट्टींतील ऐकणें प्रथम जातें, आणि बोलण्यांतील स, श, त, क अशा व्यंजनांची ओळख पुष्कळशी त्याच पट्टीवर अवलंबून असते. स्वर खालच्या पट्टींत राहतात. म्हणून म्हाताऱ्या माणसास आवाज ऐकूं येतो आणि शब्द कळत नाहींत. त्यांची तक्रार अक्षरशः खरी होती! श्रवणयंत्र बोलण्यासाठीं बसविलेलें असतें, तें गाण्याला तसेंच चालत नाहीं. तंबोऱ्याचा अखंड नाद म्हणजे गोंगाट असें समजून तें तो दाबूं पाहतें. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठीं वेगळी योजना करतां येते, ती तज्ज्ञाकडून मागून घ्यावी लागते. आम्हीं ती करून घेतली. पहिल्या सकाळीं नात त्यांच्याशीं यंत्राविषयीं बोलूं लागली, तेव्हां ते तिला म्हणाले, “अग, तंबोरा लागला आहे ना सुरांत? मग आतां गाऊं दे त्यांना.” आवाज सुधारण्याच्या पुस्तकांतून स्पीकर, ॲम्प्लिफायर, तारा अशी अवयवांची मालिका दिलेली असते, तींत शेवटचा अवयव जो कान, त्याचें नांव बहुधा नसतें. ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें आहेत त्यांनीं नवीन पेटी घेण्यापूर्वीं ह्या अवयवाची चौकशी करावी, अशी आमची विनंति आहे.

आतां प्रतीच्या निवडीविषयीं. स्ट्रीमिंगच्या भांडारांत एकाच जुन्या गाण्याच्या चार-पांच प्रती असतात, आणि त्यांत जमीनअस्मानाचें अंतर असूं शकतें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हां विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायिकेनें कर्ण्यांत तोंड घालून गावें आणि त्या धक्क्यानेंच सुईनें मेणावर रेघ ओढावी, अशी ती रीत. सुमारें ५,००० हर्ट्झच्या वरचें तींत फारसें कांहीं उतरत नसे. विजेनें ध्वनिमुद्रण सुरू झालें तें १९२५ पासून. असल्या तबकडीला १,९२,००० मापांच्या पेटींत ठेवून अधिक काय ऐकूं येणार? मात्र ती तबकडी कोणीं कशी उतरविली ह्यावर सर्व अवलंबून आहे. एखाद्यानें खरखर पुसण्याच्या भरांत आवाजाची धारच पुसून टाकलेली असते. गवई गोधडींतून गातो आहे असें वाटतें. जुन्या तबकड्या सर्व एकाच वेगानें फिरत नसत, म्हणून चुकीच्या वेगानें उतरविलेली प्रत सुराची पट्टीच बदलते. खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) ह्यांच्यासारख्या आधींच उंच आवाजाच्या गवयावर ह्यानें किती अन्याय होत असेल ह्याची कल्पना करावी. जुन्या चित्रपटगीतांवर नवे ठेके चढविलेल्या प्रतीहि असतात. चार प्रती ऐकून एक निवडण्यास अर्धा तास लागतो, पैसा लागत नाहीं, आणि हजारों रुपयांच्या तारेनें जी सुधारणा होत नाहीं ती ह्या अर्ध्या तासांत होते. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. ती सुमारें साडेतीन मिनिटांची आहे. तिच्यांत किती हर्ट्झपर्यंतचें उतरलें आहे, हा प्रश्न त्या निवडीच्या आड आला नाहीं.

तारांचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयींहि चार शब्द. एका दुकानदारानें आम्हांस स्पीकरांच्या निम्म्या किंमतीची एक नेटवर्कची केबल दाखविली आणि तिनें गाण्याला ‘खोली’ येते असें सांगितलें. स्ट्रीमिंगचें गाणें लहान लहान पुडक्यांतून येतें. प्रत्येक पुडकें पोंचल्यावर तपासलें जातें, बिघडलेलें परत मागविलें जातें, आणि मग सर्व जुळवून वाजविलें जातें. पत्र पोस्टमननें सायकलीवरून आणलें काय किंवा मोटारींतून आणलें काय, आंतील मजकूर तोच राहतो. वाट वाईट असली तर गाणें अडखळेल, थांबेल. त्याला नुसता फिकेपणा येणार नाहीं. अडखळत असेल तर वायफायचा राउटर जवळ आणावा किंवा साधीच तार लावावी. स्पीकरची तार लांब असेल तर ती जाड असावी, आणि जोडांत गुणगुण येत असेल तर ती शोधून काढावी. एवढें तारांचें महत्त्व आम्ही मान्य करतों. त्यापेक्षां ॲपच्या सेटिंगमध्यें एकदां डोकावावें. पुष्कळांच्या फोनवर डेटा वांचविण्याची योजना चालूच राहिलेली असते आणि पैसे लॉसलेसचे भरून ते हलक्या दर्जाचें गाणें ऐकत असतात. एका गाण्याचें शेपूट दुसऱ्याच्या तोंडांत मिसळणारी सोय बंद करावी. विलंबित संपून द्रुत सुरू होण्यामधली शांतता ही गाण्याचाच भाग आहे. ब्लूटूथवरून जाणारें गाणें वाटेंत बहुधा पुन्हां एकदां गाळलें जातें, म्हणून बैठकीसाठीं तार किंवा वायफाय बरें. आणि हें सर्व झाल्यावर ज्यास पैसा खर्चावयाचाच असेल, त्यानें तो प्रथम स्पीकरांवर खर्चावा. कारण सबंध मालिकेंत ध्वनीचा स्वभाव जास्तींत जास्त बदलणारें यंत्र तेंच आहे.

एवढें करूनहि एक उणीव राहते, आणि ती कोणत्याहि पेटीनें भरून येत नाहीं. अगणित गाणीं हाताशीं आल्यामुळें एकहि गाणें शेवटपर्यंत ऐकण्याची संवय सुटत चालली आहे. ख्याल संपतो न संपतो तों ॲप आपल्या मनानें दुसरेंच कांहीं लावतें. गाणें भाजी चिरतांना, कपडे घडी करतांना, फोनवर बोलतांना मागें वाहत राहतें. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. कामाच्या हातांना गाण्याची सोबत ओव्यांच्या काळापासून आहे. परंतु अशा सोबतीसाठीं लॉसलेसची गरज नाहीं, आणि ज्याला लॉसलेस हवें त्यानें आपला तासहि न गाळतां दिला पाहिजे. पूर्वींच्या बैठकींत आवाज चांगला येई ह्याचें एक कारण असें होतें, कीं तेथें आलेलीं माणसें ऐकावयास आलेलीं असत. आमच्या घरीं हल्लीं आठवड्यांतून तीन सकाळीं तास-तास गाणें होतें. राग कोणता हें आदल्या रात्रीं ठरतें, स्वयंचलित निवड बंद असते, आणि फोन दुसऱ्या खोलींत राहतो. तीन पिढ्यांचीं पांच माणसें सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसतात. कधीं कधीं एखादें पेंगतेंहि. आवाज पूर्वींपेक्षां पुष्कळ सुधारला आहे असें सर्वांचें मत आहे, आणि पेट्या त्याच आहेत.